देवाची रिकामी जागा

इथे आखातात, हिद्द गावातल्या ऑफिसात माझ्या शेजारी एक इजिप्शियन इंजिनिअर बसतो. त्याला आपल्या पूर्वजांच्या चित्रलिपीचं वेड आहे. जेवणाच्या सुट्टीत पुस्तकात बघून गिरवत बसतो. कोणाच्या मुलाचा वाढदिवस असला की त्या लिपीत नाव लिहून कार्ड देतो आणि नावाच्या आधी एक देव काढतो. कधी ससाण्याच्या डोक्याचा, कधी मांजरीच्या तोंडाची देवी. जुन्या काळी त्यांच्याकडे नावातच देव गुंफायची पद्धत होती म्हणे.

माझ्या मुलीला नववं लागलं तेव्हा त्याने विचारलं, तुमचा देव कोणता? मी म्हटलं, एकही नाही. तो हसायलाच लागला. भारतीय माणूस, आणि देव नाही?

"आमच्याकडे ढीगभर आहेत. यल्ला, चल, एक उचल."

मला राग आला. त्याचा काही दोष नव्हता, तरी आला. माझ्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्याच आठवड्यात घरातले सगळे टाक फडक्यात बांधून नदीत सोडले होते. ज्यांच्या देवळाची पायरी आम्हाला चढू दिली नाही, त्यांना आम्ही रोज आंघोळ का घालायची? गाव म्हणालं, वर्षाच्या आत घरातलं कोणीतरी जाणार. कोणी गेलं नाही. तेव्हापासून आमच्या घरात देव नाही, आणि देवाची भीतीही नाही. आता भिडेखातर मी मांजरीच्या तोंडाची देवी घरी न्यायची? हे सगळं मी त्याला सांगितलं आणि बजावलं, देव काढायचा नाही.

त्याने ऐकलं, पण देवाची जागा कोरी ठेवली. मोठी झाली की तिचं ती ठरवेल, म्हणाला.

झिंज भागातल्या आमच्या घरी कार्ड बघून मुलीचा चेहरा पडला. तिच्या मैत्रिणीचे वडीलही आमच्याच ऑफिसात आहेत, तिच्या कार्डावर ससाणा होता. हिला मांजर हवी होती. मी तिला नदीची गोष्ट सांगितली, पायरीसकट सगळी. ती उठून आत गेली. मला वाटलं, हरलो आपण.

अर्ध्या तासाने कार्ड घेऊन आली. कोऱ्या जागेत तिने पेन्सिलीने एक माणूस काढला होता, धोतर वर खोचलेला, गुडघाभर पाण्यात.

"पणजोबांना देव केलंस?" मी चिडून विचारलं.

एरवी इंग्रजीत उत्तर देणारी पोर मराठीत म्हणाली, "नाही पप्पा. त्यांचे हात बघा ना, रिकामे आहेत. ते घरी चाललेत."