मागच्या चाकाचा आवाज : बोरिवलीहून गावी, मुलुंडला थांबून

आईच्या वर्षश्राद्धाला गावी जायचं महिनाभर आधीच ठरलं होतं. बाबांची बॅग चार दिवस दाराशी भरून होती. घोडं अडलं होतं गाडीपाशी. पंधरा दिवस मागच्या बाजूने एक बारीक, ताणलेला हूंऽऽ आवाज येत होता, तोही साठच्या वर गेलं की. माझा नवरा सुहास म्हणे टायर, मी म्हणे डिकीतलं काहीतरी. डिकी रिकामी केली, तरी आवाज होताच.

शनिवारी सकाळी बोरिवली सोडली आणि आधी साकीनाक्याला ओळखीच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने मागचे टायर पुढे आणि पुढचे मागे लावले. "टायरचा असेल तर आता पुढून येईल, मॅडम." कुणाला उपयोगी पडेल म्हणून सांगते, ही परीक्षा सोपी आणि स्वस्त आहे.

पवईच्या ट्रॅफिकमध्ये काहीच कळलं नाही. कांजूरमार्गच्या पुढे हायवेवर वेग धरला आणि आवाज आला. पुन्हा मागूनच.

"वाट लागली," सुहास म्हणाला. "टायर नाहीये यार. परत फिरूया. श्राद्ध घरीपण होतं ना? बाबांना कसं सांगायचं ते तू बघ."

हे सगळं मागे बसलेल्या बाबांच्या देखत, मोठ्याने. गिरणीच्या साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात बाबांचे कान कायमचे गेले. तेव्हापासून आमच्या घरात त्यांच्यासमोर काहीही बोललं जातं. फक्त आई त्यांच्याकडे तोंड करून सावकाश बोलायची, आणि ते तिचे ओठ वाचायचे. ती गेल्यावर आम्ही जेवायला चला, गोळी घ्या, एवढ्या खुणांवर भागवत होतो.

मुलुंडला एका गॅरेजपाशी गाडी घेतली. मी तोंड उघडायच्या आत बाबाच खाली उतरले आणि मेकॅनिकला म्हणाले, "मागची उजवी बाजू बघ. चाकाचा बेरिंग गेला."

मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं, मग जॅक लावला. बाबांनी माझा हात धरून डाव्या चाकावरच्या स्प्रिंगवर ठेवला. मेकॅनिकने हाताने चाक फिरवलं. काही नाही. मग उजवीकडे तेच केलं, आणि माझ्या तळहाताला मुंग्या आल्या.

"साच्याचा बेरिंगय असाच सांगता गो," बाबा म्हणाले.

मी आईसारखी त्यांच्यासमोर उभी राहिले. सावकाश विचारलं, "कधीपासून कळत होतं?"

"पंधरा दिस. सीटीतसून आंगाक लागता."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांना माझंच नवल वाटलं. "माका वाटला, तुमका ऐकाक येता."

बेरिंग बदलायला दोन तास आणि मजुरीसकट अडीचेक हजार लागले. तेवढ्यात कोपऱ्यावर मिसळ खाल्ली. झणझणीत होती, पण मला गेली नाही. ऐरोलीच्या पुलावरून पुढे निघालो, चिपळूणला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गावी पोचलो. सोमवारी श्राद्ध नीट पार पडलं. कावळाही लगेच शिवला.

परतीला गाडीत आवाज नव्हता. पनवेलजवळ चहाला थांबलो, तेव्हा मुलुंडपासून मनात घोळत होतं ते त्यांच्याकडे तोंड करून विचारलं. आईच्या छातीतलं दुखणं आम्हाला फार उशिरा कळलं होतं. कळलं तेव्हा हातात काही उरलं नव्हतं.

"बाबा, आईचं पण कळलं होतं तुम्हाला?"

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "पाठीर हात ठेवलंय की घरघर लागायची. लय दिस. माका वाटला, तुमका ऐकाक येता."

सुहास उठून गाडीकडे गेला. मी तिथेच बसून रडले, आणि बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

संध्याकाळी बोरिवलीला घरी पोचलो. गाडी आता झकास चालते. तुमच्या गाडीच्या मागून आवाज येत असेल, तर आधी मागे बसलेल्या माणसाला विचारा. आम्ही गाडीचं पंधरा दिवसांनी विचारलं. आईचं विचारायला वर्ष लागलं.