गळतीला हात लावायचा नाही

गुरुवारी सकाळी सव्वाअकरा वाजता माझी पत्नी गेली. ती नववीच्या वर्गावर शिकवत होती. शाळेतून फोन आला तेव्हा मी वाचनालयात होतो. मी नोंदवही मिटली, कुलूप लावलं आणि निघालो.

धडा वनस्पतींच्या वर्गीकरणाचा होता, हे मला चौथ्या दिवशी कळलं. तिच्या वर्गातली मुलं भेटायला आली आणि सतरंजीवर ओळीने बसली. शेवटी एक मुलगी म्हणाली, "सर, बाईंचं ब्रायोफायटापर्यंत झालं होतं."

"बरं," मी म्हणालो.

"टेरिडोफायटा राहिले."

त्या दिवसांत घरी जेवढे लोक आले त्यांत इतकं नेमकं दुसरं कुणी बोललं नाही. बाकीचे 'देवाची मर्जी' म्हणत होते.

ब्रायोफायटा म्हणजे मॉस आणि त्याची भावकी; टेरिडोफायटा म्हणजे नेचे, फर्न. आपण हिरवं आणि बुळबुळीत दिसेल त्या सगळ्याला शेवाळ म्हणून मोकळे होतो. ती याबाबतीत कडक होती. टाकीत तरंगतं ते शैवाल. त्याला मूळ, खोड, पान असलं काहीच नसतं. भिंतीवर मखमलीसारखं चढतं ते मॉस. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी तिला म्हणालो होतो, "मागे शेवाळ झालंय, घासून काढतो." तिने पदर खोचला आणि एका वाक्यातल्या दोन चुका दुरुस्त केल्या. ते शेवाळ नव्हतं, आणि ते घासायचं नव्हतं.

शिरूरच्या आमच्या घराच्या मागे धुणं धुण्यापुरती मोकळी जागा आहे. तिथे तिने वनस्पतींचे पाचही गट बसवले होते, वर्गात बाकं लावावीत तसे. सिमेंटच्या हौदात शैवाल. भिंतीवर मॉस. मोरीच्या कोपऱ्यात कुंडीत नेचा. त्याच्या शेजारी सायकस, ज्याच्या बिया फळात झाकलेल्या नसतात, उघड्यावर असतात. हे सगळं पुस्तकात होतं. प्रत्यक्षात आमच्या सायकसला कधी बी धरलंच नाही. सायकसमध्ये नर वेगळा, मादी वेगळी. आमचा कोण आहे ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. पाचवी जास्वंद. तिच्याकडे बाईंचं जरा दुर्लक्षच होतं. "फुलांचं कौतुक करायला गाव आहे," ती म्हणायची.

माझी थोरली बहीण दौंडला असते. तिला आम्ही सगळे आक्का म्हणतो. आक्का एकदा राहायला आली असताना तिला नेच्याच्या पानांखाली तपकिरी ठिपक्यांच्या रांगा दिसल्या. तिने कीड समजून ओलं फडकं घेतलं आणि पान न् पान पुसून काढलं. ते ठिपके म्हणजे बीजाणूंच्या पिशव्या होत्या. नेच्याला फूल नाही, बी नाही, जे काही पुढे जायचं ते त्या ठिपक्यांतूनच. पत्नी शाळेतून आली, पानं उलटून पाहिली आणि शांतपणे म्हणाली, "आक्का, तुम्ही एक अख्खी पिढी पुसलीत."

"मग काय घाण तशीच ठिवायची व्हय?" आक्का म्हणाली.

पण घरातलं खरं भांडण गळतीवरून होतं. गच्चीवरच्या टाकीतून येणारा पाइप मागच्या भिंतीवर जिथे वळतो, तिथल्या एल्बोतून पाणी थेंब थेंब गळायचं. त्या थेंबांखाली मॉस हातभर पसरलं होतं. मी एकदा प्लंबर आणला. तिने त्याला चहा दिला आणि परत पाठवला. मग मला भिंतीपाशी नेऊन भिंग हातात दिलं.

मॉसच्या नर पेशींना शेपट्या असतात आणि त्यांना मादी पेशीपर्यंत पोहत जावं लागतं. पाण्याचा पातळ थर असला तरी चालतो, पण पाणी लागतंच. म्हणून त्यांना वनस्पतींमधले उभयचर म्हणतात. "पाण्याशिवाय यांचं लग्न लागत नाही," ती म्हणाली.

"मग पावसाळा आहे की."

"शिरूरला?" तिने विचारलं. इथे पाऊस किती पडतो ते वाचनालयात बसूनही कळतं.

दहाव्याला आम्ही घोडनदीच्या घाटावर होतो. पिंड ठेवला, सगळे मागे सरले, आणि कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर चार-पाच होते; मान वाकडी करून बघत होते. मला पत्नीचंच म्हणणं आठवत होतं. ती म्हणायची, अकरानंतर घाटावरचा एकही कावळा उपाशी नसतो, पहिल्या तीन पिंडांतच त्यांचं भागतं. आमचा नंबर पाचवा होता.

पण घाटावर असं बोलता येत नाही. तिथे वचनं द्यायची असतात. एरवी लोक मुलांचं नाव घेतात, पोरांची शिक्षणं करू, मुलीचं लग्न नीट लावून देऊ असं सांगतात. आम्हाला मूलबाळ नाही. त्यामुळे तिचा जीव कशात अडकला असेल यावर थोडी कुजबुज झाली. तिचा भाऊ पुढे झाला आणि म्हणाला, "ताई, दाजींकडं आमचं लक्ष राहील." कावळा हलला नाही. आक्का म्हणाली, "त्याच्या जेवणाचं मी बघते गं बाई." एका कावळ्याने पाठ फिरवली. मग मुख्याध्यापक घसा खाकरून म्हणाले, "नववीचा पोर्शन वेळेत पूर्ण होईल." त्यावर एक जण दोन फांद्या खाली आला. माझी आशा वाढली, पण तो तिथेच बसला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ऊन डोक्यावर आलं होतं. मी हात जोडले आणि हळूच म्हणालो, "गळतीला हात लावणार नाही."

कावळा आला, पिंडावर बसला, भाताचं एक ढेकूळ उचललं आणि गेला.

मी एवढं हळू बोललो होतो, पण आक्का मागेच उभी होती. संध्याकाळपर्यंत दौंडपासून न्हावऱ्यापर्यंतच्या सगळ्या पाहुण्यांना कळलं की बाईंचा जीव पाइपात अडकला होता.

माझा कावळ्यावर विश्वास नाही, तिचा तर नव्हताच. पण दिलेला शब्द मागे कसा घ्यायचा ते मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नाही. मी रोज सकाळी चहा घेऊन मागे जायचो आणि थेंब पडताना बघत बसायचो. घरात अजून काहीतरी तिच्या म्हणण्याप्रमाणे चाललंय, एवढं त्यातून कळायचं.

एका सकाळी शेजारचे चाचा आले. चाचांचा बाजारपेठेत शिवणकामाचा धंदा होता. आता दुकान मुलगा बघतो. आमची मागची भिंत म्हणजेच त्यांच्या आतल्या खोलीची भिंत. ते बसले, पाणी प्यायले, माझी तब्येत विचारली, उन्हाळ्याबद्दल बोलले, आणि मग टोपी नीट करत म्हणाले, "भाऊ, एक दाखवायचं होतं. घाई नाही."

मी त्यांच्या घरी गेलो. आतल्या खोलीतली भिंत माणूसभर उंचीपर्यंत ओली होती. रंगाचे पापुद्रे सुटले होते. लोखंडी कपाट भिंतीपासून पुढे ओढलं होतं, आणि चाचींची खाट खोलीच्या मधोमध आली होती. चाची खोकत होत्या.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"बाई होत्या तेव्हापासून थोडं होतंच. मागच्या महिन्यात जास्त झालं."

"मग बोलला का नाहीत?"

"चाळीस दिवस कसं बोलणार?" चाचा म्हणाले. "काल चाळीस झाले."

मी माझ्या घरी दिवस मोजत नव्हतो. ते त्यांच्या घरी माझ्यासाठी मोजत होते. मी परत आलो आणि भिंतीपुढे उभा राहिलो. इकडून ती हिरवीगार होती.

आक्काला फोन केला. ती दुसऱ्या दिवशी एसटीने आली. तिने आधी चाचींची खोली पाहिली, मग आमची भिंत पाहिली आणि पायरीवर बसून निवाड्याला सुरुवात केली.

"तू घाटावर नेमकं काय म्हणलास?"

"गळती बुजवणार नाही, अशा अर्थाचं."

"अर्थ नगं. शब्द सांग."

"गळतीला हात लावणार नाही."

आक्काने डोळे मिटून ते मनातल्या मनात दोनदा म्हटलं. मग म्हणाली, "मंग तू लावू नगं. पलंबर लावंल."

"आक्का, ही पळवाट झाली."

"आरं, तिकडं ती म्हातारी खोकून खोकून आर्धी झाली. तुझी बायको आसती तर तिनं सोताच पान्हा हातात घेतला आसता. कावळ्याला म्यां सांगते काय सांगायचं त्ये."

या वेळी बोलावलेला प्लंबर तळेगाव ढमढेऱ्याचा होता. रांजणगावात कंपनीत त्याची सेकंड शिफ्ट, सकाळी नळकाम, आणि सुट्टीला लोकांच्या उसात ठिबकच्या नळ्या अंथरायचा. त्याने एल्बो पाहिला आणि म्हणाला, "आप्पा, दहा मिन्टाचं काम हाय. आन् हे शेवाळ घासून घेऊ."

"शेवाळ न्हाई त्ये!" आक्का पायरीवरून कडाडली. "मॉस म्हनत्यात. त्याला पवायला पानी लागतं."

प्लंबरने माझ्याकडे पाहिलं. मला सगळं सांगावं लागलं. नर पेशी, शेपट्या, मादी पेशी, पाण्याचा थर. त्याने पान्हा खाली ठेवून नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी नवरदेव पवत जातो?"

"हो."

"आन् पानी नसलं तर?"

"तर जागेवरच."

"आवघडच हाय की वो," तो मनापासून म्हणाला. मग डोकं खाजवून म्हणाला, "मंग गळती बंद कशाला करायची? हलवू की."

त्याची योजना सोपी होती. एल्बो बदलायचा, भिंत कोरडी करायची. पुढच्या नळाला एक बारीक नळी जोडायची आणि तिच्या टोकाला उसाला लावतात तसला ठिबकचा ड्रिपर. भिंतीपासून दूर जुन्या विटांचा ढीग रचायचा आणि मॉस उचलून त्यावर ठेवायचं. उसात पाणी वाचवायला जो ड्रिपर लावतात, तो आमच्याकडे गळती राखायला लागणार होता.

त्याने थापीने मॉस सोडवलं. जाजम गुंडाळावं तसं ते निघालं. मी पाठीमागे हात बांधून उभा होतो. एल्बोवर पान्हा लावल्यावर तो म्हणाला, "आप्पा, जरा हिकडून पाइप धरा."

"मी नाही धरू शकत."

"का? हाताला काय झालं?"

"वचन हाय त्याचं," आक्का म्हणाली.

प्लंबर पुढे काही विचारण्याच्या फंदात पडला नाही. चाचा भिंतीपलीकडून सगळं ऐकत होते. ते आले, बाह्या सरसावल्या आणि पाइप धरला. एल्बो सुटला तेव्हा पाण्याची चिळकांडी थेट त्यांच्या टोपीवर गेली. आक्का इतकी हसली की तिला पायरी धरावी लागली. मग चाचा हसले. मीही हसलो. त्या घरात तो आवाज बऱ्याच दिवसांनी झाला, आणि मला जरा अपराधी वाटलं. हात मात्र मी सोडले नाहीत.

महिन्याभरात मॉस तपकिरी पडलं. चहापत्ती वाळत घातल्यासारखं दिसायचं. ड्रिपरचं पाणी विटा पिऊन टाकत होत्या. मला वाटलं, संपलं; शब्दात सापडलो नाही, पण तिचं मॉस मारलं. तिच्या टिपणवहीत मॉसचं पान काढलं. तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'वाळलेले टाकून देऊ नये. ओले करून वाट पाहावी.' किती ते लिहिलं नव्हतं. वाट पाहण्याला बहुतेक परीक्षेसारखे वेगळे गुण होते.

मी विटांवर गोणपाट घातलं आणि रोज भिजवलं. गोणपाटाला हात लावायला बंदी नव्हती.

श्रावणात कडेने हिरवं फुटलं. दिवाळीनंतर एका सकाळी त्या हिरव्यातून केसासारखे बारीक देठ वर आलेले दिसले, प्रत्येकाच्या टोकाला इवलीशी टोपी. मी घरात जाऊन भिंग आणलं. नर पेशी पोहून पोचल्याशिवाय हे देठ येत नाहीत, एवढं मला आता पाठ आहे. चाचांना बोलावून दाखवलं. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "टोपी माझ्यासारखीच आहे."

चाचींची भिंत सुकली, त्यांची खाट पुन्हा भिंतीला लागली आहे. हौदात शैवाल आहे. नेच्याच्या पानांखाली ठिपके आहेत, आणि आक्का आली की मी फडकी उचलून ठेवतो. सायकसने अजून काही सांगितलेलं नाही. विटांवर ओंजळभर मॉस आहे आणि ड्रिपर गळतो आहे.