पाटावरची जागा

सेलूच्या बाजार ओळीत आमचं कापडाचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते ती दुकानातच. आदल्या दिवशी सगळं घासूनपुसून निघतं आणि सकाळी गादीवर पांढरी चादर अंथरून तिच्यावर मोठा पाट मांडतात. पाटावर कापड मोजायचा लोखंडी गज, मोठी कैची, शेतातल्या मोटारीचे पाने, नवऱ्याच्या गाडीची किल्ली आणि सासूबाईंचा विळा. या सगळ्यांच्या शेजारी, माझ्या नावानं, मिक्सर.

मिक्सरशी माझं काही वैर नाही. पण तो माझा कसा? चटणी सगळ्या घरानं खायची आणि मिक्सर तेवढा माझ्या नावावर, हा हिशेब मला लग्न झाल्यापासून पटलेला नाही. माझं म्हणावं असं या घरात एकच यंत्र आहे आणि ते वरच्या खोलीत आहे. ते म्हणजे माझं टर्नटेबल. त्याच्यावर मी जॅझच्या रेकॉर्ड ऐकते. असं करणारी सेलूत मी एकटीच असेन, आणि मला त्याचा अभिमान आहे. बाईनं स्वतःबद्दल असं सरळ म्हटलं की लोक जरा चुळबुळतात. चुळबुळू देत. त्या टर्नटेबलला दसऱ्याच्या पाटावर जागा मिळावी एवढीच माझी मागणी होती, आणि ती मान्य व्हायला बरीच वर्षं गेली.

मी मूळची तळेगावची, शेतकऱ्याघरची. माहेरी संगीत म्हणजे देवळातलं भजन आणि लग्नातला बँड. बँडचं मला लहानपणापासून वेड. वरातीत नवरदेवाकडे सगळे बघायचे, मी ट्रम्पेट वाजवणाऱ्याचे फुगलेले गाल बघायचे. लग्नानंतर एकदा सीझनचा माल घ्यायला मी आणि नवरा नागपूरला गेलो होतो. रस्त्याच्या कडेला जुन्या वस्तूंचा ढीग लावून एक जण बसला होता. त्या ढिगात एक रेकॉर्ड दिसली. कव्हरवर गाल फुगवून ट्रम्पेट वाजवणारा माणूस, डोळे घट्ट मिटलेले. मला वाटलं, ही बँडची रेकॉर्ड. लग्नातली गाणी असतील. घेऊन टाकली.

दिवाळीच्या गर्दीत दुकानात गाणी लावायला घेतलेला एक जुना प्लेअर माळ्यावर पडून होता. तो काढला, पुसला आणि सगळ्यांना बोलावून रेकॉर्ड लावली. पहिली चाल छान होती, अगदी पाय हलवावेत अशी. पण ती चाल पाहुण्यासारखी तोंड दाखवून निघून गेली आणि मग जो तो आपलंच सांगायला लागला. सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

"हे काऊन भांडून राह्यले?" त्या म्हणाल्या.

मी ओशाळून रेकॉर्ड काढून ठेवली. पण ते भांडण काही कानातून जाईना. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात सामसूम असताना पुन्हा लावली. मग रोजच लावायला लागले. हळूहळू माझ्या लक्षात आलं की हे भांडत नाहीत. आम्ही बायका कुरोड्या घालायला बसतो तेव्हा सगळ्याजणी एकदम बोलतो, तरी कुणाचा हात थांबत नाही आणि कुणाचं बोलणं वायाही जात नाही, तसं ते होतं. एक जण काही सांगतो, दुसरा त्याला टोकतो, तिसरा मागून हुंकार देतो. शेवटी ती पहिली चाल परत येते आणि तेव्हा ती ओळखीची वाटते. हे मला कुणी शिकवलेलं नाही. माझ्या कानांनी ते शोधून काढलं.

त्यानंतर मी थांबलेच नाही. नागपूरची प्रत्येक फेरी त्या जुन्या बाजारावरून व्हायला लागली. मग फोन आले, इंटरनेट आलं, कुरिअर आलं. दुकानातल्या साडीच्या पारदर्शक पिशव्या रेकॉर्डला अगदी मापात बसतात, हा शोधही माझाच. नवऱ्यानं एका वाढदिवसाला चांगलं टर्नटेबल आणून दिलं आणि वरची खोली माझी झाली. आता डोळे मिटून ऐकलं तरी सॅक्सोफोन कोण वाजवतंय ते मी सांगते. चुकले तर त्या दिवशी जेवण गोड लागत नाही. बाजार ओळीत मला बँडवाली वहिनी म्हणतात. आधी चिडवायला म्हणायचे, आता नाव म्हणूनच म्हणतात.

टर्नटेबल आलं त्याच वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी मामाजींना विचारलं. मामाजी म्हणजे माझे सासरे. दुकान त्यांनी उभं केलेलं, आणि पाटावर काय ठेवायचं ते तेच ठरवायचे.

"मामाजी, उद्या माझं मशीन पण ठेवू का पाटावर?"

त्यांनी चष्मा वर केला. "सूनबाई, पूजा पोट भरनाऱ्या वस्तूची रायते. शौकाची नाई. उद्या तुही सासू टीव्ही आनून ठेवन."

ते रागावले नव्हते. मामाजी उगाच रागावणारे नव्हतेच. त्यांचा आपला एक नियम होता आणि तो त्यांनी सांगितला. पण मी वर जाऊन रडले, आणि दुसऱ्या दिवशी मिक्सरला इतका मोठा झेंडूचा हार घातला की तो झाकूनच गेला. दर वर्षी मी विचारायची आणि दर वर्षी मामाजी तेच उत्तर द्यायचे. पुढे पुढे तर मी तोंड उघडायच्या आतच ते मान हलवायचे.

आता आमच्या उन्हाळ्याबद्दल सांगायला हवं, कारण माझी खरी हुशारी तिथली आहे. इकडच्या मे महिन्यात माणूस सुकून जातो, तर रेकॉर्डची काय कथा. एकदा खिडकीशी राहिलेली माझी एक रेकॉर्ड उन्हानं वाकडी झाली, पापड तळताना कडा उचलतो तशी. सुई तिच्यावर चढायची आणि घसरायची. दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. मग विचार केला, ज्या उन्हानं वाकवली तेच ऊन सरळ करील. गच्चीवर वाळवण घालून घालून मला ऊन ओळखता येतं. पापडाचं ऊन वेगळं, मुगवड्यांचं वेगळं. फरशीला तळवा लावला की कळतं. दुकानाच्या काऊंटरच्या दोन जाड काचा होत्या. त्यांच्यामध्ये रेकॉर्ड ठेवली, सकाळच्या कोवळ्या उन्हात तापू दिली, आणि काच हाताला सोसेनाशी व्हायच्या आत सावलीत आणून वर कापडाचा गठ्ठा ठेवला. संध्याकाळी काढली तर पाटासारखी सपाट! आणि आवाज जसाच्या तसा. मी गच्चीवरून ओरडले तेव्हा शेजारणीला वाटलं माकडं आली.

हे मी रेकॉर्डवाल्यांच्या एका ग्रुपवर लिहिलं. पुण्याहून एकांनी आपली वाकडी रेकॉर्ड पाठवली. ती सरळ होऊन परत गेली, आणि मग कुठून कुठून रेकॉर्ड यायला लागल्या. उन्हाळा आला की आमच्या गच्चीवर अर्ध्या भागात कुरोड्या आणि अर्ध्या भागात लोकांच्या रेकॉर्ड. फुटकी, चरा गेलेली मी घेत नाही. पण घेतलेली एकही अजून बिघडवलेली नाही.

नवरा म्हणाला, "तू याचे पैसे घेत जा ना. धंदा झाला म्हनजे बाबा आपसूकच पाटावर ठेवतील तुह्यं मशीन."

गोष्ट खरी होती. पण मला त्या वाटेनं जायचं नव्हतं. मी म्हटलं, "मला जागा हवी ती ऐकण्यासाठी. मजुरीसाठी नाही." तो म्हणाला, हट्टी आहेस. आहेच मी.

मागच्या उन्हाळ्यात मामाजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जिना उतरायला मनाई. सगळा जन्म दुकानाच्या गादीवर गेलेला माणूस वरच्या घरात अडकला. खाली दुकान चाललंय, गिऱ्हाइकांचे आवाज येताहेत, गज दुसऱ्याच्या हातात आहे, आणि हे पलंगावर. कुणी काही विचारायला वर येईल म्हणून दिवसभर दाराकडे बघायचे. नवऱ्याला सगळं येत होतं, म्हणून कुणी येत नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, पाय बरा होऊन राह्यला पण तोंड उतरलं.

मोठा कूलर माझ्या खोलीत होता, म्हणून दुपारचा त्यांचा पलंग तिथे आला. मी विचारलं, "मामाजी, रेकॉर्ड लावू की त्रास होईल?" ते म्हणाले, "लाव. नाई तरी झोप कुठं येऊन राह्यली." मी लावायची आणि ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. बरेच दिवस असंच चाललं. मला वाटायचं, बिचारे सोसताहेत.

एका दुपारी मी रेकॉर्ड बदलायला उठले तर मागून आवाज आला. "तो मागं धुम धुम करून राह्यला, तो कोन हाय?"

मी म्हटलं, "डबल बास. मोठ्या सारंगीसारखं असतं, उभं राहून वाजवतात."

"तोच दुकान सांभाळून राह्यला," मामाजी म्हणाले. "बाकीचे येते, बोलते, फिरून येते. हा जागा सोडत नाई. हा उठला तं सारं बसलं."

इतक्या वर्षांत या घरात माझ्या रेकॉर्डबद्दल कुणी पहिल्यांदाच ऐकून बोललं होतं. मला इतका आनंद झाला की मी ती रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावली. मग रोज दुपारी तीच फर्माईश व्हायची. "ती दुकानदाराची लाव." मध्येच तो बासवाला एकटा वाजवायला लागला की मामाजी हात वर करून मला बोलू द्यायचे नाहीत. उन्हाळा सरला, कूलर बंद झाला, तरी दुपारचा पलंग माझ्याच खोलीत राहिला.

दसरा आला. या वर्षी मी विचारलं नाही. त्यांच्या डोक्याला आणखी ताप कशाला, असं वाटलं. नवऱ्यानं आणि शेजाऱ्यानं मामाजींना दोन्हीकडून धरून जिना उतरवलं आणि पाटाशी खुर्चीत बसवलं. कित्येक महिन्यांनी ते खाली आले होते. मी नैवेद्याचं ताट घेऊन उतरले तेव्हा पूजा सुरू झाली होती. गज, कैची, पाने, किल्ली, विळा. मिक्सर नव्हता. मिक्सरच्या जागी काळी चकचकीत रेकॉर्ड ठेवली होती, कव्हराबाहेर काढून, उघडी. ती दुकानदाराची रेकॉर्ड होती. तिच्या वर झेंडूचं फूल, आणि मधल्या कागदापासून थेट कडेपर्यंत मामाजींनी ओल्या कुंकवाचं बोट ओढलं होतं.

माझ्या हातातलं ताट कलंडलं. रेकॉर्डला मी स्वतःचा तळवासुद्धा लागू देत नाही, आणि इथे प्रत्येक रेघेत कुंकू उतरत होतं. तोंडापर्यंत शब्द आले होते. नवरा कानाशी हळूच म्हणाला, "बाबा म्हनाले, सूनबाईचं मांडा. मी मशीन आनाले निघालो तं म्हनाले, ती काळी आन. मी अडवतो तोवर बोट फिरलं होतं."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. बोटाला कुंकू तसंच होतं.

"काय पाह्यतेस, सूनबाई? पोट भरनारीच वस्तू पाटावर, असं मीच म्हनत होतो. मी आता काय कमावून राह्यलो? तरी पाटाशी बसवलं ना मले तुम्ही. मंग इलेच काऊन नाई?"

मी ताट खाली ठेवलं आणि वाकून नमस्कार केला. पाटाला केला, मामाजींना केला. रडू आलं ते लपवलं नाही. अख्ख्या बाजार ओळीला ओरडून सांगावं असं वाटत होतं की बघा, या घरानं माझ्या ऐकण्याची पूजा केली आहे.

कुंकू कसं काढायचं ते मला येतं. लोकांच्या रेकॉर्डवरची याहून वाईट घाण मी काढली आहे. ही रेकॉर्ड मात्र मी धुतली नाही. सोनं वाटायला लोक येण्याआधी, दुपारी, मामाजी वर येऊन पलंगावर टेकले तेव्हा मी जुनी सुई लावून ती वाजवली. बास सुरू झाला आणि त्याच्याबरोबर, प्रत्येक फेऱ्याला एकदा, टक्. पुन्हा टक्.

मामाजींनी डोळे उघडले. "हे काय वाजून राह्यलं?"

"तुमचं कुंकू, मामाजी."

ते कान देऊन ऐकत राहिले. पलंगाच्या कडेवर त्यांचं लाल बोट हळूहळू त्या टक् टक् बरोबर पडायला लागलं.

"राहू दे," ते म्हणाले. "तालात हाय."