राजाच्या बागेतला कापूस

अन् मुख्य म्हणजे राजा मी होणार होतो. सलीमनं फोनवर तसं कबूल केलं होतं, आता म्हणतो आठवत नाही. बाभुळगावात त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे अन् डोक्यात सिनेमा. वैद्यकाकांच्या ऐतिहासिक कादंबरीवर तो सिनेमा काढून राह्यला. राजा अन् दरबारातली गायिका, त्यांचं प्रेम. कृषी केंद्रवाल्याच्या पोरानं कॅमेरा आणला अन् तोच राजा झाला. मी सुरतेत साड्यांच्या गोदामात कामाला, तिथून डागी निघालेल्या चमचमत्या साड्या स्वस्तात आणल्या, दासींसाठी, तर मले द्वारपाल केलं.

कोणाला यायचं असेल तर सांगतो. सुरतेहून नागपूरकडची गाडी धरा, जनरलमध्ये जळगावपर्यंत उभं राहायची तयारी ठेवा. धामणगावला उतरा, सगळ्या गाड्या थांबत नाहीत, आधी विचारा. स्टेशनबाहेर आलुबोंडा खा, वरून तर्री, पंधरा रुपये, अन् पाणी जवळ असू द्या. तिथून यवतमाळची एसटी बाभुळगाववरूनच जाते. दोन्ही बाजूंनी कापूस. यंदा बोंडअळीनं अर्धी बोंडं सडवली, पण एसटीच्या खिडकीतून ते कळत नाही. सारं पांढरंच दिसतं.

मी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी शूटिंग आमच्याच वावरात. कादंबरीत राजा मोगऱ्याच्या बागेत प्रेम कबूल करतो. एवढा मोगरा कुठून आणणार? सलीम म्हणाला, लांबून कापूस मोगराच वाटतो. बाबांनी एक दिवस वेचणी थांबवली. भाव पडला तर राजा भरून देईल का, असं ते दिवसभर विचारत होते. दासी म्हणून कमलामावशी अन् तिच्या वेचणीवाल्या बाया उभ्या केल्या.

वैद्यकाका बांधावर खुर्ची टाकून बसले. तहसीलीत नोकरी करता करता त्यांनी कित्येक वर्षं ही कादंबरी लिहिली. त्यांनी आधीच बजावलं होतं, एक सीन माझ्यासमोर घ्यायचा. नौटंकी वाटली तर परवानगी रद्द. सलीम सकाळपासून जेवला नव्हता.

राजा बोलू लागला. एक शब्द गाळायचा नाही ही काकांचीच अट, त्यामुळे प्रेम संपेचना. मी भाला धरून पाठमोरा. शेवटी राजा म्हणाला, या फुलांची शपथ. सलीमनं कॅमेऱ्यात पाहिलं तर मागं फुलंच नव्हती. नुसती हिरवी-काळी झाडं, अन् दासींच्या ओट्या कापसानं टम्म फुगलेल्या.

"मावशी, तुमाले नुसतं उभं राहा म्हनलं होतं ना?"

"उभ्याच तर होतो," कमलामावशी म्हणाली. "हात कायले रिकामे ठेवाचे? त्या राजाचं काही आटपून नाही राह्यलं."

राजा रुसून बांधावर गेला. काका काठी टेकत आले, कॅमेऱ्यात सीन दोनदा पाहिला. सलीम स्वच्छ हात फडक्यानं पुसत राह्यला. झालं, गुंडाळा आता, असं मी मनात म्हटलं.

"बाग मी चार पानं रंगवली," काका म्हणाले. "तिच्यात राबतं कोण, हे एका ओळीत नाही. हे ठेव, सलीम. पण मग दरबारातही या बाया पाहिजेत. प्रत्येक सीनमध्ये."

कमलामावशीनं तिथंच हिशोब मांडला. आजच्या वेचणीची मजुरी आमच्या बाबांच्या खात्यावर. दरबारात तीन दिवस नुसतं उभं राहायचं, तर पूर्ण मजुरी. तिथं हाताला काम नाही, म्हणजे जास्त थकायला होतं.

रजा संपली म्हणून मी परतलो. आता गोदामात साड्यांच्या घड्या घालताना तो सीन मोबाइलवर लावून ठेवतो. माझ्या भाल्याचं फक्त टोक अन् माझा अर्धा कान आलाय. मागं कमलामावशी मात्र पूर्ण दिसते, राजाकडे न बघता वेचत असलेली. तेवढ्यासाठी दहादा पाहिला. तुम्ही जाल तर दिवाळीनंतर जा, कापूस फुटलेला असतो, सकाळी स्वेटर लागतो.

दरबाराचं शूटिंग सोमवारपासून आहे. आठ दासी, तीन दिवस, रोज दीडशे. सलीम, बायांच्या मजुरीचे छत्तीसशे मीच पाठवून राह्यलो.