गिरणीचा पट्टा आणि शाळेचा ग्रुप

मुलाला मारायला मीच शिकवलं. तो पहिलीत गेला तेव्हा लिंबाची हिरवी फोक तोडून, हळदीकुंकू लावून मी गुरुजींच्या हातात दिली. तेव्हा तशी रीतच होती. वर मीच त्यांना म्हणाले, "डोळं सोडून कुठंबी हाणा." काय शहाणी होते! पोराला बाराखडी येते का, हे कधी विचारलं नाही. फोक मोडली का, एवढं मात्र विचारायची. उरलेलं घरी माझ्या हातून. त्याचे केस पिकले, पोटरीवरचा वळ अजून आहे.

आता मुरुम गावात त्याची पिठाची गिरणी आहे आणि त्याची मुलगी सहावीत. यंदा तिच्या बाईंनी फोनवर पालकांचा ग्रुप काढला. आईबापांनी लेकरांच्या अभ्यासात लक्ष घालावं म्हणून त्या ग्रुपवर गृहपाठ टाकायच्या आणि चाचणीचे मार्क ज्याचे त्याला कळवायच्या. मुलानं लक्ष घातलं. गिरणीचा तुटका पट्टा खुंटीला अडकवला. जितके मार्क गेले तितके फटके. सून मध्ये पडली तर तिच्या दंडावर.

फोन वाजला की नात भिंतीला चिकटायची. एके दिवशी तिनं दप्तर कोंड्याच्या पोत्यात पुरलं.

"आज्जे, म्या शाळाच सोडली तर फोन वाजणार न्हाय ना?"

मी मुलाचा फोन उचलला. तिलाच म्हटलं, "मला त्यात बोलायला शिकव."

"हे दाबून धर, बोल. सोडलं की ग्रुपवर समद्यांना जातंय."

"समद्यांना? बरं हाय."

शनिवारी मार्क आले, वीसपैकी नऊ. मुलानं फोन आपटून ठेवला आणि पट्टा काढला. मी ग्रुप उघडला, फोन पदराखाली घेऊन अंगठा दाबला. पहिला फटका पोरीच्या पाठीवर. दुसरा तिनं आडव्या धरलेल्या मनगटावर. ती किंचाळली. मी मध्ये घुसले. तिसरा माझ्या जबड्यावर बसला, तोंडात रक्त आलं. अंगठा सोडला नाही.

"माय, बाजूला हो! तू काय कमी हाणलंस मला?"

"व्हय, हाणलं. गाढवीण होते म्या! तू कशाला गाढव होतोस, मुडद्या?"

मग अंगठा सोडला.

साऱ्या वर्गाच्या घरी आमचं घर ऐकू गेलं. एका आईनं तेवढं लिहिलं, 'आमच्याकडंबी हेच चाललंय.' सकाळी बाई पोलीस पाटलांना घेऊन गिरणीवर आल्या. दळणाचे डबे घेऊन बायका उभ्या होत्या, त्यांच्यासमोर म्हणाल्या, "दादा, मार्क मी शिकवायला कळवते, मारायला नाही. पुन्हा हात उचलला तर तक्रार माझी. आजी, आता मार्क तुमच्या फोनवर येतील. घालाल लक्ष?"

संध्याकाळी मुलानं पट्टा चुलीत घातला. दोन दिवस घरात रबराचा घाण वास होता.

परवा माझा फोन वाजला. नात भिंतीकडं सरकली.

"किती, आज्जे?"

"आठ."

"एक कमीच झाला की."

तिनं आधी माझ्या हातांकडं पाहिलं. एका हातात फोन होता. दुसऱ्यानं मी हलणारा दात चाचपत होते.

"बघतीस काय? दप्तर आण. तुझा अपूर्णांक मलाबी येत न्हाय."

तिनं दप्तर उघडलं, तर वहीतून अजून कोंडा सांडत होता.