घोंगडीवरचा मान

मांजरसुंब्याहून केजकडं निघालं की रस्त्यालगत आमची मेंढपाळांची वस्ती लागते. तिथं ताराबाई राहते. तिचा हेवेखोर स्वभाव आम्हाला कुणाला नवा नाही. शेजारणीच्या कोंबडीनं दोन अंडी जास्त घातली तरी तिचा दिवस वाईट जातो. पण त्याच शेजारणीचं बाळंतपण अडलं तेव्हा भर पावसात रस्त्यावर उभी राहून जीप अडवली होती ती ताराबाईनंच. दोन्ही गोष्टी एकाच बाईत कशा नांदतात ते मला विचारू नका.

नवरा सिदू मेंढरांमागं बाराही महिने रानोमाळ. घरात सासरे आसाराम, धाकटा दीर अंगद आणि त्याची बायको अंजू. अंगद ट्रकवर, म्हणजे तोही बाहेरच. अंजू शिकलेली. तिला पुण्याच्या एका कंपनीचं घरबसल्या काम मिळालं. दवाखान्यांची कागदं समोर येतात, त्यातली माहिती भरायची. काम सध्या नुसतं पारखण्यापुरतं होतं, नीट जमलं तर कायमचं. त्यासाठी अंगदनं नवाकोरा लॅपटॉप आणला, आणि ताराबाईच्या पोटात त्या दिवसापासून दुखायला लागलं.

लॅपटॉप आला त्या दिवशी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग तो ठेवायचा कुठं, हा प्रश्न आला. आसाराम म्हणाले, "लक्ष्मी हाय ती. भुईवर ठिवू नका. घोंगडी आना."

आमच्यात कुणी मानाचं घरी आलं की त्याला घोंगडीवर बसवतात. व्याही असो, सरपंच असो, मेंढरांचा डॉक्टर असो, घोंगडी अंथरल्याशिवाय त्याला बस म्हणायचं नाही. या घरातली चांगली घोंगडी एकच, काळ्या लोकरीची, आणि ती ताराबाईची. तिच्या बापानं आपल्याच मेंढरांची लोकर देऊन ती विणून घेतली होती आणि लेकीबरोबर सासरी धाडली होती. लग्नात ताराबाई तिच्यावर बसली तेवढीच. त्यानंतर ती पेटीतून काढायची, अंथरायची, दुसऱ्याला बसवायचं, पाहुणा गेला की झटकून घडी करून ठेवायची.

आता तिच्यावर लॅपटॉप बसला. तोही पाहुण्यासारखा उठून जाईना.

थोड्याच दिवसांत तो तापायला लागला. आधी आतून घुं घुं आवाज यायचा, मग बटणांवर बोटं ठेववेनात, मग पडदा काळा. झालेलं काम अर्ध्यात जायचं. डोक्यावर पत्रा आणि बाहेर चैताचं ऊन, म्हणून सगळ्यांनी दोष उन्हाला दिला. घरात टेबलफॅन एकच. तो ताराबाईच्या खोलीतून उचलून लॅपटॉपसमोर ठेवला गेला. ताराबाई पदरानं वारा घेत बसली आणि मनात म्हणाली, मेल्या, तुला अन्न लागत नाही, पाणी लागत नाही, वारा मात्र माझाच लागतो.

पंख्यानंही भागेना तेव्हा आसारामांनी घोंगडीची आणखी एक घडी घालायला लावली. "जमिनीतून ऊब चढायलीय," ते म्हणाले. लॅपटॉप चार पदरी घोंगडीवर उंच बसला आणि आणखी लवकर बंद पडायला लागला.

ताराबाईला मेंढरांचं औषध आणायला केजला जायचंच होतं. तिथल्या दुरुस्तीच्या दुकानात दाखवायला अंजूनं लॅपटॉप तिच्याजवळ दिला. तिला स्वतःला निघता येईना, कंपनीची शिकवणी फोनवर चालू होती. "ताई, जपून न्या. आपटू देऊ नका."

जीपमध्ये एरवी ताराबाईला कुणी जागा देत नाही. त्या दिवशी एक माणूस उठून उभा राहिला. तिला बरं वाटलं, तेवढ्यात तो ड्रायव्हरला म्हणाला, "बसू द्या त्यांना, जवळ लॅपटॉप हाय." केज येईपर्यंत ती त्या पिशवीकडं सवतीकडं बघावं तशी बघत होती.

दुकानदारानं लॅपटॉप पालथा केला, मागचं झाकण उघडलं आणि चिमट्यानं आतून काळा पुंजका ओढून काढला. ताराबाईनं तो ओळखला. आयुष्य गेलं तिचं लोकरीत.

"कशावर ठिवता ह्याला?" त्यानं विचारलं.

"घोंगडीवर."

तो हसला. "मावशी, ह्याच्या बुडाला भोकं हायत बघा. हितून हा हवा ओढतो. नाकातोंडावर घोंगडी दाबली तर तुमी तरी जगाल का? लाकडी पाटावर ठिवा, न्हाई तापायचा. घरी आठवणीनं सांगा."

"सांगते," ताराबाई म्हणाली, आणि सांगायचंच तिच्या मनात होतं.

उन्हाची ती वस्तीवर उतरली. घशाला कोरड, हातात पिशवी, डोक्यावर औषधाचं खोकं. अंजू पळत आली. तिनं पिशवी घेतली, लॅपटॉप काढला आणि चारी कोपरे फिरवून कुठं ओरखडा पडला का ते बघितलं. आसारामांनी बाजेवरूनच विचारलं, "काय म्हणला गं?" बस म्हणून कुणी म्हणालं नाही, पाणी कुणी दिलं नाही.

"साफ केला," ताराबाई म्हणाली. "चालंल आता."

तिच्यासमोरच अंजूनं लॅपटॉप पुन्हा घोंगडीवर ठेवला. ताराबाईनं डोक्यावरचं खोकं उतरवलं आणि रांजणातून आपलं पाणी आपण घेतलं.

साफ केल्यानं तो काही दिवस बरा चालला, मग तापायला लागला. एका दुपारी काम ऐन रंगात असताना बंद पडला. कंपनीच्या मॅडमचा फोन आला तेव्हा ताराबाई भिंतीपलीकडं चुलीशी होती. अंजू सारखं "हो मॅडम, सॉरी मॅडम" म्हणत होती. आणखी एकदा असं झालं तर काम दुसऱ्या मुलीला जाणार होतं. फोन ठेवून अंजू रडली.

ताराबाईला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, अगदी गार वाटलं. भाकरी भाजताना ती दोनदा मनाशी हसली. पण रडणं लवकर थांबेना, आणि ते ऐकता ऐकता तिसरी भाकरी करपली. मग तिला स्वतःचाच राग आला, अंजूचा आला, लॅपटॉपचा तर आधीपासून होताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तरातरा आत गेली. लॅपटॉप उचलून एका हातात धरला, दुसऱ्या हातानं घोंगडी ओढून काढली आणि जेवायचा लाकडी पाट पायानंच पुढं सरकवला.

"माझ्या बापाची हाय. मला पायजे."

"एवढ्याशा घोंगडीवर जळती का गं बाई?" आसाराम म्हणाले.

"हां, जळते."

लॅपटॉप तिनं पाटावर ठेवला, घोंगडी उंबऱ्याजवळ पसरली आणि सूप घेऊन तिच्यावर बसून तूर निवडायला लागली. वस्तीवरच्या बाया येता-जाता बघत होत्या, हसत होत्या. ती उठली नाही.

लॅपटॉप त्या दिवशी बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मॅडमचा फोन आला, तो कामाची वाहवा करायला. अंजूचं काम कायम झालं. आसारामांनी घरात साखर वाटली आणि खुशीत म्हणाले, "केजचा तो मानूस लई हुशार. उशिरा का हुईना, गुन आला त्याच्या हाताला."

अंजूला लॅपटॉप मिळाला, काम मिळालं, पंखा मिळाला, एवढं सगळं ताराबाईनं गिळलं होतं. केजच्या त्या परक्या माणसाचं कौतुक मात्र तिला गिळवेना.

"तो कशाचा हुशार?" घोंगडीवर बसून सूप पाखडता पाखडता ती फणकाऱ्यानं म्हणाली. "घोंगडीनं तापत व्हता. त्याला खालून हवा लागती. मी वढून काढली म्हणून गार ऱ्हायला."

अंजूची बोटं बटणांवर थांबली. "तुमाला कसं ठावं, ताई?"

"दुकानदारानंच सांगितलं की."

बोलून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं.

"म्हंजी केजहून आलता तवाच ठावं व्हतं?"

"व्हतं."

"मग कावून न्हाई सांगितलं? माझं काम जायला आलतं. मी रडत व्हते, तुमी चुलीपाशी ऐकत व्हता."

ताराबाईनं सूप खाली ठेवलं. "उन्हाची आले मी. तू त्याला वरखडा पडला का बघितलंस. माझ्या तोंडाकडं बघितलं का कुनी? अन् बसवलं कशावर त्याला, तर माझ्याच घोंगडीवर. लगीन झाल्यापासून मला कुनी म्हणलं का, तारे, बस हिच्यावर?"

आसाराम चष्मा पुसायला लागले. अंजूचा चेहरा लाल झाला होता. तिचा राग गेला नव्हता, पुढं कितीतरी दिवस तो गेलाही नाही. पण ती उठली. लॅपटॉपकडं तोंड करून ठेवलेला टेबलफॅन तिनं उचलला, वायर पुरेल तितका उंबऱ्याजवळ आणला आणि घोंगडीच्या दिशेनं वळवून ठेवला.

ताराबाईनं पदर सावरला, सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"वाढव जरा," ती म्हणाली.