फोटोतली फट
माझ्या धाकट्या भावाचा उजवा हात जन्मापासून लुळा होता, आणि त्याला फेफरं यायचं. अकोल्याच्या आमच्या घरात याचा निकाल आत्याने कधीच लावून टाकला होता: पोटुशी असताना माझ्या आईने ग्रहण पाळलं नाही, विळीवर बसून वांगं चिरलं. आई म्हणायची, ती ग्रहणभर खाटेवर पडून होती, कूससुद्धा बदलली नव्हती. आत्या तेव्हा अमरावतीला, आपल्या सासरी; आमच्याकडे राहायला आली ती नंतर. पण खरं कोण, तर आत्या. मग गल्लीतल्या गरोदर बायका आईची सावली टाळू लागल्या. डोहाळजेवणाचं बोलावणं आमच्या दारावरून पुढे जायचं. मला त्या बायकांच्या हळदीकुंकवाचीही शिसारी येऊ लागली होती.

मी मॅट्रिकला असताना नागपूरच्या एका डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूचा फोटो काढता येतो. बाबा नको म्हणत होते. आई हट्टाला पेटली. तिला पोराचं दुखणं कळायला हवं होतं, पण त्याहून जास्त, आपण निर्दोष आहोत हे कोणीतरी सांगायला हवं होतं.

आम्ही नागपूरला गेलो. पोराला स्टुलावर बसवून दोघांनी दाबून धरलं, कमरेत सुई खुपसली, मणक्यातलं पाणी काढलं आणि तिथून हवा भरली. ती हवा डोक्यात चढते आणि फोटोत काळी दिसते म्हणे. पोर गुरासारखं ओरडलं, मग ओकत राहिलं. माझ्या हातातल्या तसराळ्याचा वास कितीतरी दिवस नाकातून गेला नाही.

डॉक्टरांनी काच उजळून फोटो दाखवला. मेंदूच्या एका बाजूला बाहेरून आतपर्यंत काळी फट होती. ते आईला म्हणाले, "बाई, पोटात मेंदू घडतानाच ही फट राहून गेली. तुमच्या हातून काहीही झालेलं नाही."

परतताना बडनेऱ्याला आईने स्वतः चहा मागून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा तिला फलाटावर पाय पसरून बसलेली पाहिली.

घरी आल्यावर तो फोटो आईनेच हौसेने आत्याच्या हातात दिला. आत्याची मुलगी पहिल्या बाळंतपणाला आली होती, शेजारणीही जमल्या. आत्या जेवणावरून उठलेली. तेलकट बोटांनी तिने फोटो अंगणात उन्हासमोर धरला आणि त्या फटीवरून नख फिरवलं.

"हा पाहा विळीचा घाव," ती म्हणाली. "मी कवाची सांगून राहिली! आता त फोटोतच आला."

बायका माना पुढे काढून पाहू लागल्या. एकीने च्‌ च्‌ केलं. बाबा घसा खाकरून बाहेर निघून गेले. त्यांची तर मला आत्याहूनही किळस आली. मी डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे सांगू लागले. कोणी ऐकलं नाही.

आईने फोटो हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला.

"चिरलंच असन मीनं," ती म्हणाली. "नाई त दिसलं कायले असतं?"

मग तिने पदर आवरला आणि आत्याच्या मुलीला सांगितलं, "तू तिकडं सरक माय. माही सावली पडन."